समाजमाध्यमावरील खात्याची माहिती पोलिसांनी मागितली तर : नागपुरातील आंदोलकांसाठी मार्गदर्शन

हिवाळी अधिवेशन जवळ आले की नागपुरात मोर्चांची दाटी होते. यशवंत स्टेडियमवरून निघालेला मोर्चा टेकडी रोडवर किंवा मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर अडवला जातो, शिष्टमंडळ निवेदन देऊन परत येते, आणि तेवढ्या वेळात विशेष शाखेचा एखादा कर्मचारी बाजूला उभा राहून चेहऱ्यांचे चित्रीकरण करत असतो. पूर्वी नोंदीचे काम बहुतांशी तेवढ्यावर भागत असे. आता मोर्चाची हाक व्हॉट्सअ‍ॅपवरून जाते, भाषणे फेसबुकवर थेट दाखवली जातात आणि घोषणांच्या चित्रफिती इन्स्टाग्रामवर फिरतात. त्यामुळे गुन्हा दाखल झालाच, तर तपासाचा बराचसा भार खात्यांच्या माहितीवर येतो. कामगार संघटनांचे पदाधिकारी, विद्यार्थी कार्यकर्ते, प्रकल्पग्रस्तांच्या समित्या आणि केवळ गट तयार केला म्हणून ज्याचे नाव पुढे येते तो अ‍ॅडमिन, अशांसाठी हे लेखन आहे. त्यातील मुख्य सूचना एकच आहे : मागणी तोंडी राहू देऊ नका, ती कागदावर आणा. कंपनीकडून जी माहिती मिळवायला पोलिसांना आदेश काढावा लागतो आणि वाट पाहावी लागते, ती ठाण्यात बसून स्वतःचा मोबाइल उघडून दिल्यास दहा मिनिटांत त्यांच्या हाती पडते, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा घडते ते हेच दुसरे.

मागणी कोणकोणत्या वाटांनी येते

सर्वांत रुळलेली वाट भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ ची आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या संहितेत जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ ची जागा या कलमाने घेतली, आणि इलेक्ट्रॉनिक संदेशवहन तसेच डिजिटल पुरावा असण्याची शक्यता असलेली संपर्क साधने यांचा उल्लेख त्यात स्पष्टपणे आला. पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी, म्हणजे आपल्याकडचा ठाणेदार, न्यायालयात न जाता स्वतःच्या सहीने असा आदेश काढू शकतो. मात्र तो लेखी असावा लागतो, आणि एखादा तपास, चौकशी किंवा खटला चालू असेल तरच त्याला आधार असतो. मार्च २०२५ मध्ये महाल परिसरात हिंसाचार झाला, तेव्हा महाराष्ट्र सायबरने, म्हणजे राज्याच्या सायबर गुन्हे यंत्रणेने, १४० हून अधिक पोस्ट आणि चित्रफिती आक्षेपार्ह ठरवल्या, त्या हटवण्यासाठी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७९ खाली नोटिसा काढल्या आणि खाती चालवणाऱ्यांची खरी ओळख मिळवण्यासाठी कलम ९४ वापरले. तो प्रसंग दंगलीचा होता आणि शांततेच्या आंदोलनाशी त्याची गल्लत करू नये. पण पोस्ट हटवण्याची आणि ओळख मागण्याची कारवाई एकाच वेळी दोन कलमांखाली कशी चालते, हे त्यातून नागपूरकरांना जवळून पाहायला मिळाले.

दुसरी वाट माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६९ ची. संदेश मध्येच अडवून वाचणे, त्यांवर पाळत ठेवणे किंवा ते उलगडून मागणे यासाठी हे कलम आहे, आणि तो अधिकार ठाणेदाराचा नाही. २००९ च्या नियमांप्रमाणे राज्यात तो गृह विभागाच्या सचिवांकडे आहे. आदेश एका वेळी ६० दिवसांपेक्षा अधिक चालत नाही, मुदतवाढ धरूनही १८० दिवसांच्या पुढे जात नाही, आणि पुनर्विलोकन समितीने दोन महिन्यांतून किमान एकदा असे आदेश तपासायचे असतात. हा सर्व व्यवहार गोपनीय असल्याने ज्याच्यावर पाळत आहे त्याला तो सहसा कळत नाही. दूरध्वनी ऐकण्याच्या बाबतीत मात्र मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाच्या एका प्रकरणात, सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी काहीही दिसत नसल्याने, ते आदेश रद्द केले होते, हे आपल्या वकिलाला आठवून द्यावे.

तिसरी वाट २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांची. तपास यंत्रणेचा आदेश मिळाल्यापासून ७२ तासांच्या आत कंपनीने आपल्याजवळची माहिती द्यावी असे हे नियम सांगतात, आणि त्याच वाक्याला जोडून असेही सांगतात की आदेश लेखी असावा आणि माहिती कशासाठी हवी हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. एवढ्या मोठ्या कंपनीला जो कागद द्यावा लागतो, तो गोपालनगरच्या एखाद्या विद्यार्थ्याला देण्यात पोलिसांना अडचण वाटण्याचे कारण नाही. संदेशाचा पहिला उगम शोधून देण्याची तरतूदही याच नियमांत आहे. ती मोजक्या गंभीर गुन्ह्यांपुरती आहे, न्यायालयाच्या किंवा कलम ६९ च्या आदेशाशिवाय वापरता येत नाही, आणि तिला व्हॉट्सअ‍ॅपने २०२१ मध्येच दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे.

चौथी वाट थेट तुमच्या दाराशी येते. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

कंपनीकडे असते काय

या बाबतीत भीती आणि बेफिकिरी दोन्ही वाजवीपेक्षा जास्त आढळतात. व्हॉट्सअ‍ॅप पोहोचलेले संदेश आपल्या सर्व्हरवर ठेवत नाही, आणि न पोहोचलेला संदेश ३० दिवसांपर्यंत कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय न वाचता येणाऱ्या, स्वरूपात राहतो. परंतु खात्याचे नाव, ते केव्हा सुरू झाले, शेवटचे केव्हा वापरले आणि कोणत्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या कोणत्या क्रमांकावरून, वापरले, यांसारखी माहिती कंपनीकडे असते. सिग्नलकडे खाते उघडल्याची आणि शेवटच्या जोडणीची वेळ एवढेच सापडते. टेलिग्रामला अनेक कार्यकर्ते अजूनही अभेद्य समजतात, पण सप्टेंबर २०२४ मध्ये त्या कंपनीने आपले धोरण बदलले आणि वैध कायदेशीर मागणीवर नियम मोडणाऱ्याचा आयपी पत्ता व दूरध्वनी क्रमांक देण्याचे जाहीर केले. फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स आणि जीमेल यांच्याकडे तर मजकूरही असतो. मात्र या कंपन्या अमेरिकेतील असल्याने खाजगी संदेशांचा मजकूर हवा असेल तर सामान्यतः दोन्ही देशांतील परस्पर कायदेशीर साहाय्याच्या करारामार्गे जावे लागते. हा करार २००१ मध्ये झाला आणि २००५ पासून अंमलात आहे. ती वाट लांबची आहे, म्हणून तपासी अधिकारी तिच्याकडे क्वचितच वळतो आणि तुमच्या मोबाइलकडे वळतो.

आयपी पत्ता हा नुसता आकडा वाटतो, पण ओळख त्यातूनच उलगडते. समजा, एका पोस्टबद्दल कंपनीने कळवले की अमुक तारखेला रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी ते खाते अमुक आयपी पत्त्यावरून वापरले गेले. तोच आकडा आणि वेळ घेऊन पोलीस इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीकडे जातात आणि जोडणी कोणाच्या नावावर होती हे विचारतात. दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलल्यापासून अशा नोंदी किमान दोन वर्षे जपून ठेवाव्या लागतात. घरातील वाय-फाय वडिलांच्या नावावर असेल तर पहिला दूरध्वनी वडिलांना जातो, आणि सेवानिवृत्त वडील घाबरून मुलाचा मोबाइल स्वतःच ठाण्यात नेऊन देतात. घरच्या माणसांना आधीच एवढे सांगून ठेवावे की कोणी काही मागितले तर नाव, हुद्दा आणि ठाणे विचारून घ्यावे, उद्धट बोलू नये आणि वकिलाशी बोलून कळवतो म्हणावे.

खाते बंद केले म्हणजे सगळे पुसले गेले, हाही एक गैरसमज आहे. खाते बंद केल्यानंतरही नोंदणीची माहिती १८० दिवस ठेवण्याचे बंधन २०२१ च्या नियमांनी कंपन्यांवर घातले आहे, आणि आदेशावरून हटवलेला मजकूरही तितकेच दिवस जपून ठेवावा लागतो.

कंपनीचा ईमेल आला तर

तुमच्या खात्याविषयी भारतातून कायदेशीर मागणी आली आहे, अशा अर्थाचा ईमेल एक्स, गूगल किंवा मेटाकडून येऊ शकतो. कळवण्यास कायद्याने मनाई नसेल तर वापरकर्त्याला कळवावे, असे या कंपन्यांचे धोरण आहे. ईमेल आल्यास आधी तो खरा आहे की नाही हे पाहावे : पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता उघडून तपासावा, त्यातील दुव्यावर टिचकी न मारता स्वतंत्रपणे खात्यात जाऊन सूचना आली आहे का हे बघावे, आणि पासवर्ड मागणारा ईमेल बनावट समजावा. तो खरा असेल तर मूळ स्वरूपात जपावा, त्याची छापील प्रत काढावी, आणि मागणी मजकूर हटवण्याची आहे की माहिती देण्याची, हे ओळखावे. हटवण्याच्या मागणीत तुमची ओळख उघड झालेलीच असते असे नाही. माहितीची मागणी असेल तर मात्र हातात असलेला वेळ थोडा असतो. कंपनीला त्याच दिवशी उत्तर लिहून आदेशाची प्रत, कलम आणि मागणी करणाऱ्या कार्यालयाचे नाव मागावे, आणि ते उत्तर येण्याची वाट न पाहता वकिलाकडे जावे.

असा ईमेल किती महत्त्वाचा ठरतो याचे उदाहरण वॉशिंग्टनचे आहे. २० जानेवारी २०१७ च्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीच्या वेळी झालेल्या निदर्शनांनंतर तेथील सरकारने निदर्शनांचे संकेतस्थळ ठेवणाऱ्या ड्रीमहोस्ट या कंपनीकडे इतकी सरसकट माहिती मागितली की तिच्यात संकेतस्थळाला भेट देणाऱ्यांचे १३ लाख आयपी पत्ते आले असते. कंपनीने विरोध केला आणि ती मागणी आवरती घ्यावी लागली. त्याच निदर्शनांशी संबंधित फेसबुक खात्यांबाबत तर वापरकर्त्यांना कळवूच नये असा आदेश होता. तो मागे घेतला गेल्यावरच त्यांना न्यायालयात उभे राहता आले. आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनाच्या ‘टूलकिट’ (आंदोलनाला पाठिंबा कसा द्यावा हे सांगणारा ऑनलाइन दस्तऐवज) प्रकरणात दिल्ली पोलिसांनी गूगल आणि झूमकडे माहिती मागितली. त्या प्रकरणातील बीडच्या एका तरुण अभियंत्याला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने काही दिवसांचे अटकेपासून संरक्षण दिले, आणि त्याच प्रकरणात अटक झालेल्या कार्यकर्त्या दिशा रवी यांना जामीन देताना दिल्लीच्या सत्र न्यायालयाने व्हॉट्सअ‍ॅप गट तयार करणे किंवा निरुपद्रवी टूलकिटचे संपादन करणे हा गुन्हा नाही असे नोंदवले.

नोटीस वाचायची कशी

आता त्या चौथ्या वाटेकडे येऊ. बहुधा सुरुवात दूरध्वनीने होते : ‘साहेबांनी बोलावले आहे, मोबाइल घेऊन या.’ असे बोलावणे आल्यास नकार देऊ नये आणि होकारही देऊ नये. ‘कृपया लेखी पाठवा, मी अवश्य येतो’ एवढे म्हणावे, आणि दूरध्वनीची तारीख, वेळ व क्रमांक वहीत लिहून ठेवावा.

कागद आल्यावर तो वरपासून खालपर्यंत वाचावा. डोक्यावर पोलीस ठाण्याचे नाव आणि जावक क्रमांक असतो; जावक क्रमांकाची जागा कोरी असेल तर त्या कागदाची दप्तरी नोंद झाली आहे का, अशी शंका घेण्यास जागा आहे. त्याखाली विषयात गुन्हा नोंद क्रमांक आणि कलमे असतात. गुन्हा नोंदच नसेल, तर ती प्राथमिक चौकशी आहे की प्रतिबंधात्मक कारवाई, हे विचारावे. मजकुरात तुम्हाला कोणत्या कलमाखाली बोलावले आहे ते शोधावे, कारण तुमची भूमिका त्यावरून ठरते. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३५(३) असेल तर तुमच्यावर संशय आहे. कलम १७९ असेल तर तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावले आहे. त्यात स्त्रिया, १५ वर्षांखालील मुले, ६० वर्षांवरील पुरुष, दिव्यांग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही, त्यांचा जबाब त्यांच्या राहत्या जागी घ्यावा लागतो. कलम ९४ असेल तर वस्तू किंवा माहिती हजर करण्यास सांगितले आहे, आणि ती वस्तू नेमकी कोणती हे आदेशात असले पाहिजे. ‘मोबाइल व सर्व समाजमाध्यमांचे पासवर्ड’ असे मोघम लिहिलेले असेल तर तिथेच हरकत नोंदवावी.

पाठवण्याच्या पद्धतीतही फरक आहे आणि तो अनेक वकिलांच्याही नजरेतून सुटतो. कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा इतर इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले आणि जुलैमध्ये त्यात बदल करण्यास नकार दिला. कलम ९४ चा आदेश मात्र इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही काढता येतो, असे त्या कलमातच आहे. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला प्रत्येक कागद फेटाळून लावणे धोक्याचे आहे.

आणखी एक जुना आधार लक्षात ठेवावा. आरोपीलाच स्वतःविरुद्धची कागदपत्रे हजर करण्याचा आदेश या कलमाखाली देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये गुजरातच्या श्यामलाल चोक्सी प्रकरणात ठरवले. १८९८ च्या संहितेतही या कलमाचा क्रमांक ९४ च होता, त्यामुळे तो निकाल वाचताना क्रमांकांचा घोळ होत नाही, ही एक अनपेक्षित सोय. आरोपीची वस्तू हवी असेल तर पोलिसांना झडतीचा मार्ग धरावा लागतो, आणि झडतीचे नियम वेगळे व अधिक कडक आहेत.

उत्तर नेहमी लेखी द्यावे, साधे आणि थोडके द्यावे. उदाहरणार्थ : ‘आपले दिनांक अमुकचे पत्र मिळाले. त्यात गुन्हा नोंद क्रमांक व मागणीचा हेतू नमूद नाही. कोणत्या गुन्ह्याच्या तपासासाठी, कोणत्या कालावधीतील, नेमकी कोणती माहिती हवी आहे ते कृपया लेखी कळवावे. मी तपासात कायद्यानुसार सहकार्य करण्यास तयार आहे.’ हे पत्र ठाण्यात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन पोहोच ठेवावी. पोहोच देण्यास टाळाटाळ झाली तर तेच पत्र स्पीड पोस्टने ठाण्याला आणि पोलीस आयुक्त कार्यालयाला पाठवावे. ग्रामीण भागात, म्हणजे कामठी, काटोल, उमरेडकडे, पोलीस अधीक्षकांना पाठवावे. मात्र नोटीस हाती पडल्यावर गप्प बसणे हा मार्ग नाही, कारण कायदेशीर आदेश असूनही हजर न होणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो.

जबाब नोंदवताना ज्या प्रश्नाच्या उत्तराने तुम्ही स्वतः गुन्ह्यात अडकाल त्याचे उत्तर देण्याचे बंधन नाही. १९७८ च्या नंदिनी सत्पथी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क पोलीस चौकशीच्या टप्प्यालाही लागू असल्याचे स्पष्ट केले. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर जबाब देणाऱ्याची सही घ्यायची नसते. पंचनाम्याचा कागद वेगळा असतो. सही मागितली तर कोणत्या कागदावर मागत आहेत हे पाहावे आणि कोऱ्या कागदावर कधीही करू नये.

गटाच्या अ‍ॅडमिनसाठी एक निकाल आपल्याच शहरातला आहे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात ठरवले की गटातील सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत दाखवता येत नसेल, तर अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. चौकशीला जाताना या निकालाची प्रत सोबत असावी.

मोबाइल मागितला तर

माझ्या मते सर्वाधिक तयारी याच ठिकाणी हवी. ‘जरा उघडून दाखवा, काही नाही सापडले तर लगेच परत’ ही विनंती असते, आणि विनंतीला नम्रपणे नाही म्हणता येते. एकदा तुम्ही स्वतःहून मोबाइल उघडून दिला, की नंतर सक्ती झाली हे सिद्ध करणे कठीण जाते. शिवाय तुमच्या मोबाइलमध्ये तुमच्याखेरीज शेकडो लोकांचे क्रमांक, संभाषणे आणि छायाचित्रे असतात, आणि त्यांपैकी कोणाची संमती तुम्ही घेतलेली नसते.

जप्ती होत असेल तर अडवू नये, पण ती रीतसर होऊ द्यावी. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण करणे आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवणे बंधनकारक आहे. चित्रीकरण चालू आहे का, हे मोठ्याने विचारावे, म्हणजे तो प्रश्नही चित्रीकरणात येतो. पंचनाम्यात मोबाइलचा मेक, रंग, आयएमईआय (प्रत्येक मोबाइलचा स्वतंत्र ओळख) क्रमांक, सिमकार्डचा क्रमांक, मेमरी कार्ड आहे की नाही, आणि मोबाइल चालू होता की बंद, हे सर्व लिहिले जावे. आयएमईआय क्रमांक *#०६# डायल केल्यावर दिसतो. तो आजच वहीत उतरवून ठेवावा. मोबाइल पंचांसमोर लाखेने सीलबंद करावा, सीलवर सही करावी, आणि माहितीची प्रत काढली जात असेल तर तिच्या हॅश व्हॅल्यूची नोंद मागावी. हॅश व्हॅल्यू म्हणजे त्या माहितीवरून गणिताने काढलेला ठसा. आतले एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात ती लिहावीच लागते, म्हणून जप्तीच्या दिवशीची नोंद पुढे उलटतपासणीत फार उपयोगी पडते. पंचनाम्याची प्रत घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नये.

पासवर्डच्या प्रश्नावर न्यायालयांची मते एकसारखी नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये, खटला चालू असताना आरोपीला पासवर्ड सांगण्याची सक्ती करता येणार नाही असे म्हटले. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये, न्यायालयाच्या आदेशानंतर पासवर्ड देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, अशी भूमिका घेतली. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) चे संरक्षण डोक्यातील माहितीला मिळते की नाही, एवढ्यावर हा सारा वाद आहे. बोटाच्या ठशांबाबत मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींनी १९६१ मध्येच, ठसे देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे, असे सांगून ठेवले आहे. यातून निघणारा व्यवहारी सल्ला असा की मोबाइल बोटाने किंवा चेहऱ्याने नव्हे, तर किमान सहा आकड्यांच्या पिनने उघडणारा ठेवावा, आणि पासवर्ड मागितल्यास ‘वकिलाशी बोलून लेखी उत्तर देतो’ म्हणावे. ‘विसरलो’ असे खोटे सांगू नये. खोटे बोलणे आणि न बोलणे यांत कायद्याच्या दृष्टीने फार अंतर आहे.

नोटीस मिळाल्यानंतर काहीही पुसू नये. पुरावा म्हणून हजर होऊ नये यासाठी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे आणि त्यास तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मूळ आरोप कलम २२३ चा, म्हणजे जमावबंदीचा आदेश मोडल्याचा, साधा असतो आणि घाईने गट उडवल्यामुळे वरचा जड आरोप ओढवतो.

मोर्चाच्या आधी

जे कमी करायचे ते आधी करावे. मोर्चाच्या परवानगीच्या अर्जावर आयोजकांची नावे आणि मोबाइल क्रमांक असतातच, त्यामुळे तेवढी ओळख पोलिसांकडे आहे असे धरून चालावे आणि बाकीच्यांची विनाकारण जमवू नये. गूगल फॉर्मवर पाचशे लोकांची नावे, गावे आणि क्रमांक भरून घेण्याची जी सवय लागली आहे, ती मला अनाठायी वाटते. बसगाड्या ठरवण्यासाठी गावनिहाय आकडा पुरतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या बॅकअपला कूटबद्ध करण्याची सोय २०२१ पासून आहे, पण ती आपणहून सुरू करावी लागते. ती सुरू नसेल तर संदेशांची प्रत गूगल ड्राइव्हवर त्या संरक्षणाशिवाय पडून राहते. जुन्या गटांत आपोआप मिटणारे संदेश सुरू करावेत. सर्व खात्यांना द्विस्तरीय पडताळणी लावावी आणि तिचे राखीव सांकेतिक क्रमांक कागदावर लिहून घरी ठेवावेत, नाहीतर मोबाइल जप्त झाल्यावर स्वतःच्याच खात्यात जाता येत नाही. खात्याची माहिती उतरवून घेण्याची सोय फेसबुक, गूगल, एक्स आणि व्हॉट्सअ‍ॅप सर्वांत आहे. ती एकदा उतरवून पाहिल्यास कंपनीकडून काय जाऊ शकते याचा चांगला अंदाज येतो. वकिलाचा क्रमांक मोबाइलमध्ये नव्हे, तर खिशातील चिठ्ठीवर असावा.

यातील कोणताही उपाय हिंसेला चिथावणी देणाऱ्याला वाचवत नाही, आणि वाचवू नये.

दाद कुठे मागावी

वकील परवडत नसेल तर सिव्हिल लाइन्समधील जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० या क्रमांकावर संपर्क साधावा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि अटकेतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मागणीच बेकायदेशीर असेल तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात अनुच्छेद २२६ खाली याचिका करता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खाजगीपणा मूलभूत हक्क ठरल्यापासून मागणीला कायद्याचा आधार, योग्य हेतू आणि प्रमाणबद्धता, हे सर्व दाखवणे सरकारवर आले आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नये, कारण गुन्ह्यांच्या तपासाला त्यात मोठी सूट आहे.

पोलिसांनी वर्षभरात समाजमाध्यम कंपन्यांकडे कलम ९४ खाली किती मागण्या पाठवल्या, हा आकडा माहिती अधिकारात विचारता येतो. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लागतो, त्यावर १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे लागते. नावे किंवा प्रकरणांचे तपशील मागितल्यास तपासात अडथळा येईल या कारणाने अर्ज फेटाळला जाण्याची शक्यता असते. फक्त संख्या मागावी, आणि नकार आल्यास पहिले अपील करून पुढे राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठापर्यंत जावे.

जप्त मोबाइल परत मिळवण्यासाठी ठाण्यात चकरा मारण्यात अर्थ नसतो. दंडाधिकाऱ्यांपुढे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली अर्ज करावा, त्यासोबत मोबाइलची पावती आणि पंचनाम्याची प्रत जोडावी. मुद्देमाल गरजेपेक्षा जास्त काळ ठाण्यात पाडून ठेवू नये असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई देसाई प्रकरणात सांगितले आहे, त्याचा अर्जात उल्लेख करावा. न्यायालय साधारणपणे सुपुर्तनाम्यावर मोबाइल देते, आणि त्यात तो विकणार नाही, बदलणार नाही व मागितल्यावर हजर करीन अशा अटी असतात. त्यामुळे परत मिळालेला मोबाइल खटला संपेपर्यंत रीसेट करू नये, रोजच्या वापराला दुसरा घ्यावा, आणि जप्तीपूर्वी ज्या खात्यांवर तो जोडलेला होता त्या सर्वांचे पासवर्ड दुसऱ्या मोबाइलवरून बदलून घ्यावेत.